डोक्याला मार, स्कॅन नॉर्मल, आणि दोन महिने उलटले तरी न थांबणारी डोकेदुखी

मुलुंडची_मैना

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, कारण स्क्रीनकडे बघवतच नव्हतं. हेसुद्धा हप्त्याहप्त्याने टाइप केलंय, तेव्हा शुद्धलेखनवाल्यांनी सांभाळून घ्या.

जूनच्या शेवटी धो धो पावसात स्टेशनच्या पुलावरून उतरताना पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू पायरीच्या कडेवर आपटली. बेशुद्ध पडले नव्हते. पण ज्या बाईंनी मला उठवून रिक्षात घातलं त्या म्हणाल्या, की मी त्यांना सारखं एकच विचारत होते, "माझी छत्री कुठंय?" छत्री माझ्या हातातच होती. मला यातलं काही म्हणता काही आठवत नाही. कॅज्युअल्टीत सीटी स्कॅन झाला, टाके पडले, "स्कॅन नॉर्मल आहे, घरी जा" म्हणाले. इथवर माझी तक्रार नाही.

तेव्हापासून डोकं दुखतंय ते दुखतंयच. मानेच्या मुळाशी सुरू होतं आणि दुपारपर्यंत डोळ्यांच्या मागे येऊन बसतं. ट्यूबलाइट नको, कुकरची शिट्टी नको. एक्सेल उघडलं की थोड्या वेळाने आकड्यांच्या ओळी एकमेकींवर चढतात. मी अकाउंट्समध्ये आहे, म्हणजे बघा.

एका खासगी हॉस्पिटलातल्या न्यूरोसर्जननी फिल्म खिडकीकडे धरली, "काही नाहीये, विसरून जा" म्हणाले, आणि माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. फी दोन हजार. नंतरच्या फिजिशियननी आधी विचारलं, "घरी काही टेन्शन? सासूबाई सोबत असतात का?" आणि बी-ट्वेल्व्हच्या जोडीला झोपेची गोळी लिहून दिली. सासूबाई बाहेर बाकावर माझी फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

कुणाला असा अनुभव आहे का? हे किती दिवस चालतं, आणि नेमकं कुठल्या डॉक्टरकडे जायचं? ऑफिसात साहेब म्हणतात, "दिसतेस तर ठणठणीत." त्यांना काय सांगू?

खडूस_आजोबा

इतकी वर्षं लोक मला विचारतात, लहानपणी डोक्यावर पडला होतास का. पहिल्यांदाच कुणीतरी रीतसर पडलेलं भेटलं. (दिवा घ्या, गंमत करतोय.)

काळजी घ्या बाई. आणि त्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

चाफ्याची_फांदी

मैना, अगदी हेच. दोन वर्षांपूर्वी रिक्षा खड्ड्यात आदळली आणि माझं कपाळ पुढच्या लोखंडी दांड्यावर. मला पूर्ण बरं वाटायला चार-पाच महिने लागले. आधी उजेडाचा त्रास गेला, मग आवाजाचा. विसरभोळेपणा सगळ्यात शेवटी गेला. दूध गॅसवर ठेवून पार विसरायचे. मधे एखादा आठवडा छान जायचा, वाटायचं सुटले, की एखाद्या लग्नाला जाऊन बँडसमोर उभी राहायचे आणि पुन्हा आडवी.

सगळ्यात वाईट काय, तर कुणाला दिसत नाही. प्लास्टर असतं तर लोकलमध्ये कुणी उठून जागा तरी दिली असती. मुका मार तो मुका मारच.

पुष्पा_वहिनी

सुंठ उगाळून कपाळावर लेप लावा आणि अंधाऱ्या खोलीत पंधरा दिवस पडून राहा. टीव्ही नाही, मोबाइल नाही, बोलणं नाही. आमच्या काकांना असंच बरं वाटलं होतं. तुम्ही मुली लगेच ऑफिसला पळता, मग डोकं दुखणार नाही तर काय होईल?

चाफ्याची_फांदी

वहिनी, लेपाला कोण नाही म्हणतंय. पण अंधाऱ्या खोलीने माझं नुकसानच झालं. पंधरा दिवसांनी बाहेर आले तर साधा दिवसाचा उजेडही खुपायला लागला, आणि पडून पडून मान आखडली ती वेगळीच.

दवाखाना_बंद_आहे

मी फॅमिली फिजिशियन आहे, न्यूरोवाला नाही. इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण चार गोष्टी लिहितो.

सीटी स्कॅन कशासाठी करतात? आत रक्तस्राव आहे का, कवटीला तडा आहे का, हे बघायला. आज रात्री जिवाला धोका नाही, इतकंच तो सांगतो. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारा खांब आणि तुळया ठोकून बघतो. चौथ्या मजल्यावर पाणी का चढत नाही, हे त्याच्या कागदावर येत नाही. कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदू हादरतो तेव्हा, मेंदूच्या पेशींचं कामकाज काही काळ बिघडतं, ऊर्जेचा ताळमेळ सुटतो. हे सीटीत दिसत नाही, साध्या एमआरआयमध्येही बहुतेक वेळा दिसत नाही. पडल्यानंतरचं न आठवणं, तेच ते विचारणं, ही त्याचीच लक्षणं. बेशुद्ध पडायलाच हवं असं नाही.

आता त्या न्यूरोसर्जनबद्दल. वागणं चुकलंच, वकिली करत नाही. पण त्यांच्या डोक्यात प्रश्न एकच असतो, ऑपरेशन लागणार का? उत्तर 'नाही' आलं की त्यांच्या लेखी केस संपली. तुम्हाला हवा न्यूरॉलॉजिस्ट, तोही डोकेदुखीत रस असणारा. खासगी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायनला न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे. केसपेपर काढा, रांगेची तयारी ठेवा.

मार लागल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू झालेल्या डोकेदुखीला स्वतःचं नाव आहे, पोस्ट-ट्रॉमॅटिक हेडेक. तीन महिन्यांच्या पुढे गेली तर ती 'चिवट' धरतात. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात, पण काहींचं लांबतं आणि ते नाटक नसतं.

आणि अंधाऱ्या खोलीचा सल्ला आता मागे पडलाय. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर तज्ज्ञांची परिषद झाली, तिचं निवेदन २०२३ मध्ये आलं. त्यानुसार पहिले २४ ते ४८ तास सबुरीने घ्यायचं, स्क्रीन कमी करायचा आणि मग हळूहळू हालचाल सुरू करायची. पुष्पा वहिनी, काकांना बरं वाटलं ते पंधरा दिवस गेले म्हणून, खोलीमुळे नव्हे.

एक विचारतो. गोळ्या किती खाताय?

गल्ली_क्रिकेट

कन्कशन म्हटलं की मला गहुंजे आठवतं. ३१ जानेवारी २०२५, इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी. शेवटच्या षटकात आपल्या मुंबईच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला आणि बदली म्हणून आला हर्षित राणा. दुबे बॅटिंग करून थोडी मध्यमगती टाकणारा, राणा पक्का वेगवान. तीन विकेट काढल्या की हो त्याने!

कटकट्या_पवईकर

बदली म्हणे 'लाइक फॉर लाइक', म्हणजे जसा गेला तसाच यायला हवा. २०२० ला कॅनबेरात जाडेजाच्या जागी चहल आला, त्यानेही तीन काढल्या आणि सामनावीर झाला. आपल्याकडे मार एकाला लागतो आणि विकेट दुसऱ्याला मिळतात.

बाकी धाग्याबद्दल: माफ करा, पण यातलं निम्मं मानसिक असतं. आमच्या ऑफिसात एक बाई सहा महिने 'माझं डोकं' करत होत्या. बदली रद्द झाली आणि डोकं थांबलं.

मुलुंडची_मैना

कटकट्या, माझी बदली कुठेही होत नाहीये, त्यामुळे तो उपाय बाद.

डॉक्टरसाहेब, इतकं सविस्तर आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. गोळ्या रोज घेते. कागदावर "लागेल तेव्हा" लिहिलंय आणि लागतं रोजच. सकाळी पॅरासिटामॉल, दुपारी जड झालं की कॅफीनवाली कॉम्बिनेशनची. पर्समध्ये किल्ल्यांपेक्षा स्ट्रिपा जास्त आहेत.

दवाखाना_बंद_आहे

तिथेच गोम असू शकते. साधी वेदनाशामक महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, कॉम्बिनेशनची १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. तुमचे तीन महिने भरायचेत, पण गाडी त्याच रुळावर आहे. कॅफीनवाली तर आधी सुटायला हवी. मात्र हे स्वतःच्या मनाने एका दिवसात करू नका. सोडल्यावर काही दिवस दुखणं वाढतं, माणूस घाबरून पुन्हा स्ट्रिप फोडतो. न्यूरॉलॉजिस्ट अशा वेळी रोज घ्यायचं वेगळं, डोकेदुखी येऊच नये म्हणूनचं औषध देतात. त्यातली काही मुळात नैराश्याची किंवा ब्लडप्रेशरची म्हणून ओळखली जातात. केमिस्टने "मॅडम, ही तर डिप्रेशनची गोळी" म्हटलं तरी दचकू नका, डोस फार कमी असतो.

कटकट्या, मनावर परिणाम होतोच. झोप उडाली, काम होईना, कुणी विश्वास ठेवेना, तर कुणाचंही मन खचेल. म्हणून मार मनातला ठरत नाही.

गुडघेदुखी

आयडीवर जाऊ नका, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मानाही बघते.

'मानेच्या मुळाशी सुरू होतं' हे वाक्य कुणीच उचललं नाही? डोकं पायरीवर आपटतं तेव्हा मानेलाही झटका बसतोच. वरच्या तीन मणक्यांच्या सांध्यांतून आणि स्नायूंतून येणारी वेदना थेट डोळ्यामागे जाणवते. ती गोळीने तात्पुरती दबते, मान मोकळी केल्याशिवाय जात नाही. मात्र सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नका. हात जोडून सांगते.

दुसरं, आकड्यांच्या ओळी एकमेकींवर चढतात तो डोळ्यांचा नंबर नसावा. पेन हातभर अंतरावर धरून हळूहळू नाकाकडे आणा. बरंच लांब असतानाच एकाची दोन पेनं दिसायला लागली तर दोन्ही डोळे आत वळवून एकत्र ठेवण्याची ताकद कमी पडतेय. चष्म्याच्या दुकानात ६/६ येईल आणि तिथे तुम्हाला 'सगळं ठीक' सांगतील. ऑर्थोप्टिस्टकडे, म्हणजे दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ बघणाऱ्यांकडे, तपासा, व्यायामाने सुधारतं.

तिसरं, कूस बदलल्यावर किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरकन फिरते का? फिरत असेल तर आतल्या कानातले कण जागचे हललेले असू शकतात. त्याला एप्लीची क्रिया असते, डोकं ठरावीक क्रमाने वळवायचं. पुष्कळांना एक-दोन बैठकींतच आराम पडतो. हा नुसता चक्करेच्या गोळ्यांनी सुटणारा प्रश्न नाही.

आणि चाला. संध्याकाळी गर्दी नसेल तिथे. आधी डोकं दहापैकी किती दुखतंय ते ठरवा. चालताना दोन आकड्यांपेक्षा जास्त वाढलं तर थांबा. थोडंसं वाढून तासाभरात खाली आलं तर ठीक, उद्या पुन्हा तेवढंच. दुखणं शून्यावर यायची वाट बघत बसू नका.

गोविंदा_रे

आमच्या पथकात हे दर वर्षी होतं. चौथ्या-पाचव्या थरावरून पोरगं खाली येतं, डोकं झटकतं, पाणी मारतं, लगेच पुढच्या हंडीला. आम्ही टाळ्या वाजवतो. १४ वर्षांखालच्यांना वर चढवायला बंदी आली, हेल्मेटं आली, विमा आला. पण पडल्यावर 'आज बस, घरी जा' म्हणणारं कोणी नसतं. पुढच्या वर्षी सरावाआधी पथकात हा धागा वाचून दाखवणार.

गल्ली_क्रिकेट

+१. भारताकडून खेळलेला रमण लांबा आठवतो का? १९९८, ढाका, क्लब मॅच. शॉर्टलेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभा, चेंडू डोक्याला लागला. स्वतःच्या पायांनी चालत ड्रेसिंगरूममध्ये गेला. मग खालावला आणि तीन दिवसांत गेला.

नको_रे_बाबा

मैना, तुमच्यासाठी नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो.

वडील पंचाहत्तरीचे, अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. बाथरूममध्ये तोल गेला, डोकं नळाला थडकलं, टेंगूळसुद्धा आलं नाही. महिनाभराने चालताना एका बाजूला झुकायला लागले. पेपर उलटा धरून वाचायचे, वर विचारलं तर चिडायचे. आम्हाला वाटलं वय झालं. जवळच्या डॉक्टरांनीही 'वय' म्हणून टॉनिक दिलं. बहिणीने हट्टाने स्कॅन करायला लावला, तर कवटी आणि मेंदूच्या मधे जुनं रक्त साठलेलं. भोक पाडून ते काढलं. दुसऱ्या दिवशी पेपर सरळ धरून अग्रलेखावर टीका सुरू.

म्हाताऱ्या माणसाला डोक्याला मार लागला तर पहिला स्कॅन झाला म्हणून निर्धास्त राहू नका, पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा.

दवाखाना_बंद_आहे

अतिशय महत्त्वाचा प्रतिसाद. आणि कुणालाही, कोणत्याही वयात: उलट्या थांबेनात, गुंगी वाढत चालली, झटका आला, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं, तर धागा वाचत बसू नका. थेट कॅज्युअल्टी.

जाता जाता, 'मार लागल्यावर झोपू देऊ नका' हा जुना समज. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, पहिल्या रात्री कुणीतरी सोबत असावं.

निवासी_त्रासी

सरकारी हॉस्पिटलात रेसिडेंट आहे. एवढंच सांगतो, रात्री कॅज्युअल्टीत डोकं फुटलेले, दारू पिऊन पडलेले, बाइकवरून उडालेले असे एका रांगेत असतात. ज्याचा स्कॅन नॉर्मल तो आमच्यासाठी आनंदाची बातमी असतो, आणि आम्ही तशीच सांगून मोकळे होतो. 'पुढचे काही आठवडे डोकं दुखेल, इतके दिवस थांबलं नाही तर अमुककडे या' हे वाक्य बोलायला अर्धा मिनिट लागतो. ते राहतं, खरंय.

ओपीडीत जाताना एका कागदावर लिहून आणा: कधी लागलं, काय आठवत नाही, डोकं कुठे दुखतं, कशाने वाढतं, महिन्यात किती गोळ्या, आणि कोणतं काम जमत नाही. 'खूप दुखतं'पेक्षा 'अर्ध्या तासाच्या वर आकडे वाचता येत नाहीत' हे आमच्या डोक्यात लगेच शिरतं. कागद फाइलला लावून टाकतो, पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असला तरी उपयोगी पडतो.

क्लेमचा_किडा

आणि सगळे कागद ताब्यात ठेवा. आपल्या नोंदींची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय. 'फाइल मिळत नाही' म्हणाले तर हेच शांतपणे सांगायचं. सेकंड ओपिनियन घेणं हा अपमान नव्हे, हक्क आहे.

ऑफिससाठी नुसतं 'विश्रांती घ्यावी' लिहून घेऊ नका, त्याने साहेब रजा मोजायला लागतात. डॉक्टरांकडून मोजकं लिहून घ्या: इतके आठवडे अर्धा दिवस, दर तासाला स्क्रीनपासून सुट्टी, गर्दीच्या वेळेआधी निघायची मुभा. एचआरला असा कागद नाकारणं जड जातं.

मुलुंडची_मैना

मंडळी, मधले काही आठवडे गायब होते, बातमी द्यायला आले.

न्यूरॉलॉजिस्ट मिळाल्या. तो कागद घेऊन गेले, त्यांनी चष्मा लावून अख्खा वाचला आणि वर विचारलं, "छत्रीचं कुणी सांगितलं?" मग मानेत बोटं रुतवली, एका जागी मी किंचाळलेच. "हे इथलं बरंच आहे," म्हणाल्या. कॅफीनवाली बंद, रोज रात्री एक छोटी गोळी, आणि फिजिओ. केमिस्टने अगदी डॉक्टरसाहेब म्हणाले तेच वाक्य टाकलं!

पहिला आठवडा भयंकर गेला, खोटं कशाला बोलू. आता डोकं रोज दुखत नाही, एक दिवसाआड, आणि कमी. आकडे अजून चढतात, ऑर्थोप्टिस्टची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. ऑफिसने महिनाभर अर्धा दिवस मान्य केलाय. साहेब अजूनही "दिसतेस तर ठणठणीत" म्हणतात. मी "थँक्यू सर" म्हणते.

आता गणपती. आमच्या गल्लीत मांडव गॅलरीच्या समोरच आहे. कानात बोळे घालून बसू का दहा दिवस?

गुडघेदुखी

दिवसभर नको. सतत कान बंद ठेवले की साधे आवाजही जास्त टोचायला लागतात. मिरवणूक गॅलरीखालून जाईल तेवढ्यापुरते घाला, मग काढा. ढोलताशा सुरू असताना आतल्या खोलीत.

कटकट्या_पवईकर

कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. हे मंडळाच्या अध्यक्षांना सांगायला जाल तर दुसरा मार लागेल. पण लवकर बऱ्या व्हा, मनापासून.

सानपाडा_एक्सप्रेस

धागा पूर्ण वाचला. जरा विषयांतर: मुलगा बारा वर्षांचा, काल नेट्समध्ये चेंडू हेल्मेटवर बसला. रात्री डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं, पण आज डोकं दुखतंय आणि शाळेचा अभ्यास नको म्हणतोय. कोच म्हणतात रविवारी मॅच आहे, तोवर होईल बरा.

दवाखाना_बंद_आहे

रविवार विसरा. त्रास असेपर्यंत खेळ नाही. पहिले दोन दिवस घरी, हलक्या हालचाली चालतील, मोबाइल कमी. मग शाळा, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. नंतर हलकं धावणं, मग एकट्याचा सराव. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, त्रास वाढला तर एक पायरी मागे. चेंडूसमोर उभं करायच्या आधी पुन्हा डॉक्टर. मुलांना मोठ्यांपेक्षा वेळ जास्त लागतो, चार आठवडेसुद्धा. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर प्रकरण फार वाईट होऊ शकतं.

सानपाडा_एक्सप्रेस

कोच ऐकणारे नाहीत. म्हणतात, टीममध्ये दुसरा ओपनर नाही.

गल्ली_क्रिकेट

त्यांना म्हणावं, बदली खेळाडूचा नियम आयसीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून लागू केलाय. ओपनर नसेल तर विकेटकीपरला पाठवा.